लाखीशच्या देवडीतील पत्रे

शास्त्रवाचन : यिर्मया ३४:१-७, ३७:११-१५, ३८:१-६

यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायातील सातवे वचन आपण बहुधा वाचता वाचता ओलांडून जातो. बाबेलच्या राजाचे सैन्य यरुशलेमेशी आणि यहूदाच्या उरलेल्या नगरांशी लढत होते, आणि तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश व अजेका ही दोनच शिल्लक होती, एवढीच माहिती त्यात आहे. उपदेशासाठी हे वचन कोणी निवडत नाही. परंतु त्या दोन नगरांच्या तटावर त्या वेळी कोण उभे होते, त्यांना काय निरोप येत होते आणि ते वाचून त्यांच्या मनात काय येत होते, हे आज आपण थोडेफार सांगू शकतो. त्या शिपायांची पत्रेच हाती लागली आहेत.

लाखीश हे यरुशलेमेच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर. तेथील टेकाडावर १९३२ पासून जेम्स लेस्ली स्टार्की या संशोधकाच्या देखरेखीखाली उत्खनन चालू होते. १९३५ च्या आरंभी नगराच्या वेशीपाशी, पहारेकऱ्यांच्या खोलीत, म्हणजे आपल्या गडकिल्ल्यांच्या भाषेत देवडीत, जळालेल्या राखेच्या थरात काही खापऱ्या सापडल्या. फुटक्या मडक्यांचेच ते तुकडे. पण त्यांवर काळ्या शाईने इब्री अक्षरे लिहिलेली होती. त्या वर्षी अशा १८ खापऱ्या मिळाल्या, १९३८ साली आणखी ३. स्वतः स्टार्की यांना सगळे वाचन छापून आलेले पाहायला मिळाले नाही. १९३८ च्या जानेवारीत यरुशलेमेला जात असता वाटेतच त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी हॅरी टोर्चीनर या इब्री पंडितांनी त्या पत्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

पत्रांचा काळ इ.स.पू. ५८८ च्या सुमाराचा, म्हणजे सिद्कीया राजाच्या शेवटच्या दिवसांचा मानतात. यिर्मया त्या वेळी यरुशलेमेत होता. शास्त्रात ज्यांचा नुसता उल्लेख आहे त्या युद्धातील शिपाई येथे स्वतःच्या शब्दांत बोलतो. दगडावर कोरलेले राजांचे शिलालेख पुष्कळ आहेत. चौकीवरच्या माणसाने घाईघाईने खापरीवर लिहिलेले पत्र ही मात्र दुर्मीळ गोष्ट आहे.

पत्रे ज्याला लिहिली आहेत त्याचे नाव याओश. तो लाखीशचा किल्लेदार असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणाऱ्यांपैकी एकाचे नाव तिसऱ्या पत्रात स्पष्ट आहे, ते होशाया. हा कुठल्यातरी बाहेरच्या चौकीवर होता. पत्रांची सुरुवात ठरीव असते. परमेश्वर माझ्या स्वामीला आजच्या आज शांतीची, कुशलाची वार्ता ऐकवो, असा आशीर्वाद प्रथम येतो. भोवती गावे जळत आहेत आणि पत्राच्या आरंभी शांती आहे. काही पत्रांत लिहिणारा स्वतःला स्वामीपुढे कुत्र्याची उपमा देतो. दाविदापुढे मफीबोशेथ असेच बोलला होता (२ शमुवेल ९:८). वरिष्ठांशी बोलण्याची ती रीतच होती. आपल्या जुन्या पत्रांत खाली सही करणारा स्वतःला आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई तसे. तिला फार मोठा अर्थ लावू नये.

आता तिसरे पत्र पाहू या. माझ्या मते सगळ्या पत्रांत हेच सर्वांत जिवंत आहे. आदल्या संध्याकाळी याओशाकडून होशायाला एक पत्र आले होते. त्यात, तुला पत्र वाचता येत नाही, अशा अर्थाचा ठपका होता. तो वाचल्यापासून होशायाचे मन दुखावले आहे, अंतःकरण आजारी झाले आहे, असे तो लिहितो. मग परमेश्वराच्या जीविताची शपथ घेऊन तो सांगतो की, मला कधी कोणी पत्र वाचून दाखवायला आलेला नाही. आलेले पत्र मी स्वतः वाचतो आणि वाचले म्हणजे त्यातले सारे सांगूही शकतो. या शेवटच्या वाक्याच्या अर्थाविषयी पंडितांत मतभेद आहेत, परंतु दुखावलेला सूर कोणालाही ओळखता येतो. शत्रू दाराशी आलेला असताना हा मनुष्य आपल्याला वाचता येते की नाही यावरून रात्रभर तळमळतो. वाचकाला हसू येईल. पण चौकीवरच्या माणसाजवळ दुसरे काय होते? राजधानीत काय चालले आहे, इजिप्तची मदत येणार की नाही, मागे हटायचे की थांबायचे, हे सर्व त्याला खापरीवरच्या चार ओळींतूनच कळणार. त्या ओळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागणारा शिपाई दुसऱ्याच्या मुठीत असतो.

ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगावी लागू नये. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि त्या भागातील पुष्कळ घरांनी पलटणीचे पत्र येण्याची वाट पाहिलेली आहे. '५६ एपीओ' हा पत्ता तेथे लहान मुलालाही माहीत असे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मराठा पलटणी मुख्यत्वे मेसोपोटेमियात, म्हणजे जुन्या बाबेलच्याच मुलखात लढल्या. त्यांतल्या पुष्कळांचीही तीच स्थिती होती. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे, आणि गावी ते शाळामास्तराने किंवा पोस्टमनने ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. बायकोला लिहिलेला मजकूर सगळ्या आळीला कळायचा. वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्यांनी त्या युद्धात हिंदी शिपायांची पत्रे लिहून देण्याचे आणि वाचून दाखवण्याचे मोठे काम केले. प्रसिद्धीस न आलेली ती एक ख्रिस्ती सेवा होती.

आणखी एक गोष्ट. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे बुलोन्य येथे सरकारी अधिकारी उघडून वाचत. कोणत्या पत्राने शिपायांचा धीर सुटेल, कोणत्या पत्राने गावाकडची भरती थांबेल, यावर त्यांची नजर असे. त्यांनी भाषांतर करून ठेवलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. शिपायाने काय वाचावे याची चिंता वरच्या लोकांना नेहमीच वाटत आली आहे. लाखीशच्याच इतिहासात याचे जुने उदाहरण सापडते. इ.स.पू. ७०१ साली अश्शूरचा राजा सन्हेरीब लाखीशला वेढा घालून बसला होता. तेथून त्याने रब्शाकेला यरुशलेमेकडे पाठवले. रब्शाके तटाखाली उभा राहून इब्री भाषेत धमक्या देऊ लागला, तेव्हा हिज्कीयाच्या अधिकाऱ्यांनी त्याला काय विनंती केली? अरामी भाषेत बोल, तटावरच्या लोकांना ऐकू येईल असे इब्रीत बोलू नकोस (२ राजे १८:२६). मरायचे तटावरच्या लोकांनी, पण त्यांना कळता कामा नये! रब्शाके शत्रू होता खरा, परंतु त्याने या विनंतीतले मर्म बरोबर पकडले.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी होशाया आपल्या किल्लेदाराला लिहितो की, मला वाचता येते. त्याचे हे म्हणणे पोकळ नसावे. दक्षिणेकडे अराद नावाच्या लहानशा किल्ल्यात त्याच सुमाराच्या लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या आहेत. पीठ, तेल आणि द्राक्षारस यांच्या शिध्याचे हुकूम त्यांत आहेत. तेल अवीव विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२० साली त्यांपैकी १८ लेखांतील हस्ताक्षरांची तपासणी केली, तेव्हा ती निदान १२ निरनिराळ्या हातांची ठरली. म्हणजे यहूदाच्या सैन्यात लिहिणे ही एखाद्या दुसऱ्या लेखनिकाची मिरास राहिलेली नव्हती. कोठीवाल्यापर्यंत ती विद्या पोहोचली होती.

होशायाच्या त्या पत्रात पुढे दोन बातम्या आहेत. पहिली ही की, सेनापती कोन्याहू बिन एलनाथान इजिप्तला जाण्यासाठी खाली उतरला आहे आणि त्याने येथून माणसे मागवली आहेत. यहोयाकीम राजाच्या काळात उरीया संदेष्ट्याला इजिप्तमधून पकडून आणणाऱ्याचे नावही एलनाथान होते (यिर्मया २६:२२), आणि यिर्मयाचा ग्रंथ जाळू नका अशी राजाला विनवणी करणाऱ्यांतही एलनाथान होता (३६:२५). कोन्याहू त्याचाच मुलगा की काय, हे ठरवता येत नाही. इजिप्तकडे मदतीसाठी धाव घेण्याचे राजकारण मात्र यिर्मयाच्या सदतिसाव्या अध्यायाशी नेमके जुळते. यिर्मया सांगत होता की फारोचे सैन्य परत जाईल; सरदार त्याच सैन्यावर भिस्त ठेवून होते.

दुसरी बातमी आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. राजाचा सेवक तोबीया याचे एक पत्र संदेष्ट्याच्या मार्फत आले होते. त्यात सावध राहण्याचा इशारा होता. ते पत्र मी माझ्या स्वामीकडे पाठवले आहे, असे होशाया कळवतो. हा संदेष्टा कोण? यिर्मया असावा, असे पुष्कळांना वाटते. आपल्यालाही वाटावे अशी इच्छा होते. परंतु खापरीवर नाव नाही आणि जे लिहिलेले नाही ते वर्गात ठासून सांगू नये. जे लिहिले आहे तेच पुरेसे आहे. संदेष्ट्याचा शब्द मंदिराच्या अंगणातच राहत नव्हता. तो पत्रांबरोबर हातोहाती फिरत युद्धभूमीवर पोहोचत होता, आणि एका शिपायाने तो दाबून न ठेवता पुढे पाठवला.

याच्याशेजारी सदतिसाव्या अध्यायातील दुसरा वेशीवरचा शिपाई ठेवून पाहावा. यरुशलेमेच्या बन्यामिनी वेशीत पहाऱ्याचा नायक इरीया होता. यिर्मया आपल्या कामासाठी बाहेर पडत असताना, तू खास्द्यांना फितूर होत आहेस, असे म्हणून त्याने त्याला धरले. यिर्मयाने नाकारले, पण इरीयाने ऐकून घेतले नाही. त्याला सरदारांपुढे नेले, मारहाण झाली आणि तो कोठडीत पडला. दोघेही पहारेकरी, दोघेही आपल्या मते कर्तव्यच करीत होते. एकाने संदेष्ट्याला अडवले, दुसऱ्याने संदेष्ट्याकडून आलेला इशारा पुढे जाऊ दिला.

येथे एक अडचण आहे आणि शिक्षकांनी ती टाळू नये. अडतिसाव्या अध्यायात सरदार राजाला म्हणतात की हा यिर्मया नगरात उरलेल्या योद्ध्यांचे हात कमकुवत करीत आहे, याला मारून टाका (३८:४). हा आरोप निव्वळ खोटा होता का? यिर्मया उघडपणे सांगत होता की जो नगरात राहील तो तलवारीने, दुष्काळाने, मरीने मरेल आणि जो खास्द्यांकडे निघून जाईल तो जगेल. वेढ्यात सापडलेल्या कोणत्याही नगराचा अधिकारी असे बोलणाऱ्याला मोकळा सोडणार नाही. तटावर उभ्या असलेल्या शिपायाच्या कानी हे शब्द पडले तर त्याचा भाला ढिला पडेल, हे समजण्यासारखे आहे. सरदारांना नुसते दुष्ट ठरवून मोकळे झालो तर धडा फार सोपा होतो आणि खोटाही.

म्हणून सहावे पत्र काळजीपूर्वक वाचले पाहिजे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नाही. पत्र याओशालाच आहे. राजाचे पत्र आणि सरदारांची पत्रे याओशाने त्याच्याकडे वाचायला पाठवली होती. ती वाचून तो उत्तर देतो की हे शब्द चांगले नाहीत, ते हात कमकुवत करणारे आहेत. यिर्मयावरील आरोपात जो इब्री वाक्प्रचार आहे, तोच येथे आहे! शब्द कोणाचे, हे जेथे लिहिले होते तेथे खापरी पुसट झाली आहे; बहुतेक अभ्यासक तेथे 'सरदारांचे' असे वाचतात आणि आधीच्या ओळींशी ते जुळते. पुढे तो किल्लेदाराला विनवतो की, तुम्ही त्यांना लिहून विचारा, असे का करता? ती पत्रे वाचल्यापासून आपल्याला चैन नाही, असेही शपथेवर सांगतो. त्यापुढचा मजकूर तुटलेला आहे.

तेव्हा हात कमकुवत केले कोणी? राजवाड्यातले लोक म्हणत होते, संदेष्ट्याने. चौकीवरचा मनुष्य त्यांचीच पत्रे वाचून म्हणतो, तुमच्या शब्दांनी. सरदारांनी नेमके काय लिहिले होते हे खापरी सांगत नाही आणि आपण कल्पनेने भरू नये. परंतु यिर्मयाच्या पुस्तकातून एवढे दिसते की दरबारात एक बोलले जाई आणि नगरात दुसरे. सिद्कीया गुपचूप यिर्मयाला बोलावून विचारी आणि उघडपणे त्याला सरदारांच्या हाती देई. शिपायाचे हात वाईट बातमीने जितके गळतात त्याहून अधिक, वरच्यांना ठाऊक असलेली बातमी आपल्यापासून लपवली जात आहे हे कळल्यावर गळतात.

अडतिसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात त्या सरदारांची नावे आहेत. त्यांपैकी शलेम्याचा पुत्र युकल आणि पशहूराचा पुत्र गदल्या या दोघांच्या नावाच्या मातीच्या मुद्रा यरुशलेमेत दाविदाच्या नगराच्या उत्खननात मिळाल्या. एक २००५ मध्ये, दुसरी २००८ मध्ये. बोटाच्या नखाएवढे ते मातीचे ठिपके. गुंडाळलेल्या पत्राच्या दोरीवर ओली माती लावून तीवर शिक्का उमटवीत. लाखीशला आलेली पत्रे याच दोघांची होती असे म्हणायला आधार नाही. पण ही माणसे बसून पत्रे लिहवीत आणि मुद्रा करून पाठवीत, हे आता आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांची पत्रे जळून गेली, माती तेवढी भाजून टिकली. लाखीशलाही अशीच एक मुद्रा मिळाली आहे. तिच्या पाठीवर पपायरसच्या धाग्यांचे ठसे आहेत, पत्र नाही.

आपल्या मंडळ्यांतही हा प्रश्न येतो, म्हणून तो येथे काढला. वार्षिक सभेत जमाखर्चाविषयी कोणी साधा प्रश्न विचारला की त्याला सांगण्यात येते, भाऊ, असे बोलून कामकऱ्यांचे हात कमकुवत करू नका. तरुण वर्ग उपासनेला का येत नाही हे कोणी खरेपणाने मांडले तरी हेच उत्तर. कधी प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू बरा नसतो, हेही खरे. पण यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडताना वापरलेले शब्द आपण फार सहज वापरतो.

चौथ्या पत्राविषयी थोडक्यात. त्याच्या शेवटी लिहिणारा कळवतो की, ठरवून दिलेल्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून बसलो आहोत, कारण अजेका आम्हांला दिसत नाही. यिर्मया ६:१ मध्ये इशाऱ्याच्या जाळासाठी हाच इब्री शब्द आला आहे. अजेका पडले होते म्हणून तेथला जाळ दिसेना, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. तसे असेलही, किंवा त्या चौकीवरून डोंगराआड अजेका मुळीच दिसत नसेल. दोन्ही अर्थ शक्य आहेत. यिर्मया ३४:७ लिहिले गेले तेव्हा दोन नगरे उरली होती, आणि पुढे एकही उरले नाही, एवढे निश्चित. हे पत्र ज्या राखेत सापडले ती लाखीशचीच राख होती.

रविवारच्या शाळेत हा धडा घेताना मोठ्या मुलांसाठी एक गोष्ट करून पाहावी. फुटक्या माठाच्या हातभर रुंद नव्हे तर तळहाताएवढ्या खापऱ्या आणाव्यात, कोळसा पाण्यात कालवून थोडा डिंक घालून शाई करावी, आणि बोरू किंवा काडी द्यावी. वेढ्यातल्या चौकीवरून किल्लेदाराला फक्त दहा शब्दांत निरोप लिहा, असे सांगावे. दहाच शब्द म्हटले की मुले फार विचार करतात. कोणते खरे सांगायचे आणि कोणते गाळायचे हे त्यांना तेव्हाच कळू लागते. मग खापऱ्यांची अदलाबदल करून ज्याला मिळाली त्याने मोठ्याने वाचावी. वाचताना अडखळणाऱ्याला कोणी हसू नये. होशायाची गोष्ट त्यानंतरच सांगावी. मुलांना विचारावे, तुम्ही देवडीत असता आणि संदेष्ट्याकडून आलेले पत्र तुमच्या हाती पडले असते, तर किल्लेदाराकडे पाठवले असते काय? पाठवल्याने त्याचे हात कमकुवत होतील असे वाटले असते तर? उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि शिक्षकाने ती एकसारखी करू नयेत.

खापऱ्या पुसू नका. वर्गाच्या कपाटात ठेवाव्यात आणि यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय, राजाने शेगडीत ग्रंथ जाळल्याचा, शिकवायचा असेल त्या रविवारी पुन्हा बाहेर काढाव्यात.